नीटचे गुण आणि एमबीबीएसचा निकाल: प्रवेश परीक्षेवरून पुढचं किती कळतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नीट देणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि फर्स्ट एमबीबीएसला शिकवणारे शिक्षक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे हे प्रश्न. आकडा कुठल्या देशातला आणि कुठल्या परीक्षेचा, हे प्रत्येक ठिकाणी सांगितलं आहे. अमेरिकेतल्या एमकॅट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा आकडा उचलून नीटला चिकटवणं ही या विषयातली नेहमीची चूक आहे.

नीटला ६५० मिळवणारा ५५० वाल्यापेक्षा चांगला डॉक्टर होतो का?

या एका प्रश्नात तीन प्रश्न लपलेले आहेत. पहिल्या वर्षाची लेखी परीक्षा तो चांगली देईल का? वॉर्डात, पेशंटसमोर तो चांगलं काम करेल का? आणि दहा-पंधरा वर्षांनी तो चांगला डॉक्टर असेल का? प्रवेश परीक्षा पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी देते, दुसऱ्याचं अर्धवट देते आणि तिसऱ्याचं जवळजवळ देतच नाही.

फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. वैद्यकीय पदवीच्या काळातल्या गुणांमध्ये जो फरक पडतो, त्यातला सुमारे २३ टक्के फरक आधीच्या शैक्षणिक कामगिरीने समजावता येतो, असं त्यात दिसलं. पदवीनंतरच्या कामाच्या बाबतीत हाच आकडा ६ टक्क्यांवर आला. अंतर वाढलं की भाकीत विरत जातं.

सहसंबंध ०.३ आहे म्हणजे नेमकं काय?

सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने वाढतात-घटतात याचं माप: ० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण. आता वर्गातल्या मुलांचे प्रवेश परीक्षेच्या गुणांवरून दोन समान गट करा, वरचा आणि खालचा. काहीच संबंध नसेल, तर वरच्या गटातल्या १०० पैकी ५० जण एमबीबीएसच्या निकालातही वरच्या अर्ध्यात येतील. सहसंबंध ०.१५ असेल तर सुमारे ५५ येतील, ०.३ असेल तर ६० आणि ०.६ असेल तर ७०.

म्हणजे ०.३ हा आकडा शंभर मुलांची तुकडी निवडताना उपयोगाचा आहे. दोन मुलं समोर उभी करून 'यातला कोण' हे ठरवायला तो जवळजवळ निरुपयोगी आहे. आपल्याकडचे वाद मात्र नेहमी दोन मुलांवरच होतात.

परदेशातल्या परीक्षांचे आकडे काय सांगतात?

अमेरिकेतल्या एमकॅटवर सर्वांत जास्त काम झालं आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात एमकॅटचा पहिल्या दोन वर्षांच्या मूलभूत विषयांशी सहसंबंध सुमारे ०.३९ आणि डॉक्टरी परवान्याच्या पहिल्या टप्प्याच्या परीक्षेशी, म्हणजे 'स्टेप १'शी, सुमारे ०.६० आला. दुसरा आकडा एवढा मोठा का, हे लक्षात घ्या. स्टेप १ हीसुद्धा घड्याळ लावून सोडवायची बहुपर्यायी परीक्षाच आहे. बहुपर्यायी परीक्षा दुसऱ्या बहुपर्यायी परीक्षेचं भाकीत छान करते. पेशंटच्या पोटावर हात ठेवून काय कळतं, याचं नाही.

ब्रिटनमध्ये यूकॅट (२०१९ पर्यंतचं नाव यूकेकॅट) ही विषयज्ञान न विचारता तर्क आणि आकलन तपासणारी चाचणी आहे. तिथल्या १२ वैद्यकीय शाळांतल्या ४,८११ विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१३ साली आला. पहिल्या वर्षाच्या निकालाशी चाचणीचा सहसंबंध होता सुमारे ०.१५, आणि शाळेतल्या शेवटच्या परीक्षांच्या गुणांचा होता सुमारे ०.३६. 'अ‍ॅप्टिट्यूड' हा शब्द भारदस्त असला, तरी निदान पहिल्या वर्षापुरता शाळेतला अभ्यासच भारी पडला.

नीट ही यूकॅटसारखी नाही. ती पूर्णपणे विषयज्ञानाची परीक्षा आहे, त्यामुळे तिची तुलना करायचीच तर शालेय परीक्षांच्या आकड्यांशी करणं जास्त योग्य.

या परीक्षा मुळात कशासाठी सुरू झाल्या?

गळती थांबवण्यासाठी. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या वैद्यकीय शाळांतून ५ पासून ५० टक्क्यांपर्यंत मुलं मध्येच बाहेर पडत. १९२८ साली एमकॅटची पूर्वज असलेली चाचणी आली आणि १९४६ पर्यंत गळती ७ टक्क्यांवर उतरली. म्हणजे ज्यांना झेपणार नाही त्यांना आधीच ओळखणं, एवढंच तिचं काम होतं. वरच्या टोकाला कोण पहिला आणि कोण हजारावा हे ठरवायला ती बनवलेलीच नव्हती. आज आपण नीटकडून नेमकं तेच करून घेतो.

आमच्या कॉलेजात नीटचे गुण आणि फर्स्ट इयरचा निकाल यांचा काही संबंधच दिसत नाही. मग नीट निकामी आहे का?

हा निष्कर्ष घाईचा आहे. तुमच्या कॉलेजात एका कोट्यातून आलेली मुलं वीस-तीस गुणांच्या पट्ट्यात बसलेली असतात. ज्यांना २०० मिळाले ते तुमच्या वर्गात नाहीतच. पल्ला असा आखडला की सहसंबंध आपोआप लहान दिसतो. बास्केटबॉलच्या संघात उंची आणि खेळ यांचा संबंध शोधण्यासारखंच हे आहे. तिथे सगळेच उंच.

हा आखडलेला पल्ला गणिताने दुरुस्त करता येतो. समजा वर्गात सहसंबंध ०.३ आला आणि सर्व अर्जदारांमधला गुणांचा पसारा (प्रमाण विचलन) तुमच्या वर्गातल्या पसाऱ्याच्या दुप्पट आहे. मग दुरुस्त आकडा येतो ०.५३. तिप्पट असेल तर ०.६९. सूत्र असं: पसाऱ्यांचं गुणोत्तर गुणिले सहसंबंध, हे अंशस्थानी, छेदस्थानी १ वजा सहसंबंधाचा वर्ग, अधिक गुणोत्तराचा वर्ग गुणिले सहसंबंधाचा वर्ग, या सगळ्याचं वर्गमूळ.

पण हे हत्यार जपून वापरा. दुरुस्तीमागे असं गृहीत धरलेलं असतं की संबंध खालपासून वरपर्यंत सरळ रेषेत जातो. प्रत्यक्षात एका पातळीच्या वर तो सपाट होऊ शकतो, आणि मग दुरुस्त केलेला आकडा फुगलेला निघतो. परीक्षा घेणाऱ्यांना दुरुस्त आकडा आवडतो, विरोधकांना कच्चा. वाचताना कुठला दिलाय ते आधी पाहा.

ज्यांना नाकारलं त्यांनाच घेऊन पाहिलं तर?

असं खरंच घडलं आहे. १९७९ साली टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या वैद्यकीय शाळेत १५० मुलांची निवड झाल्यावर विधिमंडळाने ५० जागा वाढवायला लावल्या. तोवर चांगले अर्जदार दुसरीकडे गेलेले होते, म्हणून मुलाखतीच्या यादीत बरेच खाली असलेले, आधी नाकारलेले ५० जण घ्यावे लागले. पुढे गळती, लेखी निकाल, वॉर्डातलं काम, कशातच दोन्ही गटांत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. हा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. मात्र या दोन गटांच्या शैक्षणिक गुणांत मोठं अंतर नव्हतं. त्यांना वेगळं केलं होतं ते मुख्यतः मुलाखत घेणाऱ्यांच्या मताने. त्यामुळे हा पुरावा परीक्षेविरुद्ध कमी आणि ढिसाळ मुलाखतीविरुद्ध जास्त आहे.

नेदरलँड्समध्ये सत्तरच्या दशकापासून बरीच वर्षं वैद्यकीय जागा चक्क सोडतीने दिल्या जात. चांगले गुण असतील तर चिठ्ठी निघण्याची शक्यता जास्त, एवढंच. पुढे काही जागांसाठी निवडप्रक्रिया सुरू झाली, त्यामुळे एकाच वर्गात निवडलेले आणि चिठ्ठीने आलेले शेजारी बसले. रॉटरडॅमच्या अभ्यासात निवडलेल्यांमध्ये गळतीचा धोका २.६ पट कमी होता, पण उत्तम निकालाच्या बाबतीत दोन्ही गट सारखे होते. इथेही तेच: खालचं टोक सावरलं, वरच्या टोकाला फरक नाही.

एका गुणाने सरकारी सीट गेली. त्या एका गुणाला काही अर्थ आहे का?

प्रवेशाच्या यादीत आहे, क्षमतेच्या मोजमापात नाही.

समजा पेपरात २० प्रश्न असे आले की तुम्ही दोन पर्याय खोडले आणि उरलेल्या दोनांत अंदाज मारला. बरोबर आलं तर ४, चुकलं तर उणे १. या वीस प्रश्नांतून सरासरी ३० गुण मिळतील, पण नुसत्या नशिबाने ते सुमारे ११ गुण इकडेतिकडे होतील. म्हणजे तोच विद्यार्थी, तीच तयारी, तोच पेपर, आणि २० गुणांचा फरक अगदी सहज. गर्दीच्या पट्ट्यात तेवढ्यात हजारो क्रमांक येतात. समान गुण असतील तर आधी जीवशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे, मग भौतिकशास्त्राचे गुण पाहतात. हा यादी लावण्याचा नियम आहे, यातून कोण चांगला डॉक्टर होईल ते कळत नाही.

दोन वर्षांच्या गुणांची तुलना तर करूच नका. ७२० पैकी ७२० गुण २०२३ मध्ये दोघांना होते. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ जणांना, सुधारित निकालात १७ जणांना. २०२५ मध्ये सर्वोच्च गुणच ६८६ होते. मुलं एका वर्षात हुशार आणि पुढच्या वर्षी मठ्ठ झाली नाहीत, पेपर बदलला. तुलना करायची तर पर्सेंटाइलची किंवा क्रमांकाची करा.

'५० पर्सेंटाइल' म्हणजे ५० टक्के गुण ना?

नाही. परीक्षा दिलेल्या निम्म्या मुलांपेक्षा तुम्ही पुढे आहात, एवढाच त्याचा अर्थ. खुल्या गटासाठी २०२५ मध्ये ही पात्रतेची रेषा १४४ गुणांवर होती, म्हणजे बरोबर २० टक्के. २०२२ मध्ये ती ११७ होती. डोळे मिटून १८० च्या १८० गोळे भरले तर सरासरी ४५ गुण मिळतात, हे शेजारी ठेवून पाहा.

शिवाय विषयवार किमान गुणांची अट नाही. भौतिकशास्त्रात जवळजवळ शून्य असूनही जीवशास्त्राच्या जोरावर मूल पात्र ठरू शकतं. तेव्हा 'नीट क्वालिफाइड' या शिक्क्यावरून एमबीबीएस झेपेल की नाही याबद्दल फार काही कळत नाही. जे कळतं ते गुणांच्या आकड्यावरून, आणि तेही तीन विषयांत फोड करून पाहिल्यावर.

नीटला भारी गुण असलेली मुलं फर्स्ट इयरच्या इंटर्नलमध्ये का आपटतात?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि याची कारणं बरीचशी परीक्षेच्या रचनेतच आहेत.

७२० गुणांत भौतिकशास्त्राचे १८०, रसायनशास्त्राचे १८०, वनस्पतिशास्त्राचे १८०, प्राणिशास्त्राचे १८०. फर्स्ट एमबीबीएसला विषय तीन: अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री. मानवी शरीरक्रियाशास्त्राचा एक भाग आणि रसायनशास्त्रातलं थोडं सोडलं, तर बाकीचं थेट कामाला येत नाही. अ‍ॅनाटॉमी तर बहुतेकांना कोरी पाटी. नीटमधून तिच्यासाठी जे पुढे जातं ते म्हणजे बसण्याची सवय, पाठांतराचा आवाका आणि शिस्त. हे कमी नाही, पण तेवढंच.

दुसरं, ओळखणं आणि आठवणं यांतला फरक. चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखता येणं वेगळं आणि 'ब्रेकियल प्लेक्सस'वर (खांद्याजवळच्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर) कोऱ्या कागदावर आकृतीसह तीन पानं लिहिणं वेगळं. नीटमध्ये लिहिणं तपासलं जात नाही, आकृती तपासली जात नाही, तोंडी उत्तर तपासलं जात नाही. फर्स्ट इयरला दीर्घोत्तरी प्रश्न आहेत, स्लाइड आहेत, स्पॉटर (समोर ठेवलेला नमुना ओळखणं) आहेत, समोर परीक्षक बसवून व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा आहे.

तिसरं, वाचण्याची पद्धत. अकरावी-बारावीची एनसीईआरटीची जीवशास्त्राची पुस्तकं ओळ न ओळ दहा वेळा वाचता येतात, आणि नीटला त्याचं फळही मिळतं. अ‍ॅनाटॉमीचे जाड खंड असे वाचायला घेतले की दिवाळीपर्यंत हात आणि पाय एवढंच होतं. काय सोडायचं हे ठरवण्याची वेळ या मुलांवर पहिल्यांदाच येते.

चौथं, भाषा. नीट मराठीतून देता येते, पण पुढचं वाचन, लेक्चर आणि लेखन इंग्रजीत. मराठी माध्यमातल्या मुलांचे पहिले तीन-चार महिने विषयाशी नाही, वाक्यांशी झगडण्यात जातात. त्यांचे पहिल्या इंटर्नलचे गुण त्यांची क्षमता दाखवत नाहीत. दुसऱ्या इंटर्नलपासूनची चढण पाहावी.

उपाय साधे आहेत. पहिल्या आठवड्यापासून रोज एक दीर्घोत्तरी प्रश्न २० मिनिटांत हाताने लिहायचा, पुस्तक बंद ठेवून. रोज १० मिनिटं रूममेटला तोंडी उत्तर द्यायचं. डिसेक्शन हॉलमध्ये मागे उभं राहायचं नाही.

तीन वेळा रिपीट करून आलेल्या मुलाच्या ६०० ला आणि पहिल्याच खेपेच्या ६०० ला सारखंच मानायचं का?

यादीत सारखंच मानलं जातं. भाकितासाठी मात्र प्रयत्नांची संख्या वेगळी नोंदवलीच पाहिजे. क्लासचा तिसरा फेरा ज्याला परवडतो त्याचे गुण त्या फेऱ्यामुळेही वाढलेले असतात. तमिळनाडू सरकारने नेमलेल्या न्या. ए. के. राजन समितीने २०२१ च्या अहवालात हेच बोट ठेवलं: रिपीटर आणि क्लासवाले वाढले, ग्रामीण आणि गरीब घरांतले विद्यार्थी मागे पडले. उलट बाजूने, तीन वर्षं एकाच ध्येयामागे लागणारी चिकाटी पुढे उपयोगी पडू शकते. दमून आलेलं मूलही असतं. गुणांवरून या दोघांत फरक करता येत नाही.

त्यापेक्षा बारावीचे गुण घेतलेले काय वाईट?

एका बोर्डाच्या आत चांगलंच चालेल. वर्षभराची लेखी परीक्षा पुढच्या लेखी परीक्षांना जवळची असते. तमिळनाडूत २००७ पासून नीट येईपर्यंत बारावीवरच प्रवेश होत. अडचण दोन ठिकाणी येते. वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एका फूटपट्टीवर आणता येत नाहीत. आणि गुणांवरच सीट ठरणार हे कळलं की गुण फुगतात, अंतर्गत आणि प्रात्यक्षिकाचे आधी.

मग स्वभाव, माणुसकी, संवाद हे तपासता येतच नाही का?

येतं, पण गप्पांच्या मुलाखतीने नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अनेक छोट्या मुलाखतींची पद्धत आणली. आठ-दहा खोल्या, प्रत्येकीत एक प्रसंग, काही मिनिटं आणि वेगळा परीक्षक. एका परीक्षकाची आवडनिवड दहा जणांत वाटली जाते, म्हणून ही पद्धत टिकते. बेल्जियमच्या फ्लेमिश भागात प्रवेश परीक्षेतच डॉक्टर-पेशंटच्या प्रसंगांचे व्हिडिओ दाखवून 'आता काय कराल' असं विचारत. त्या गुणांचा सात वर्षांनंतरच्या इंटर्नशिपशी आणि नऊ वर्षांनंतरच्या प्रत्यक्ष कामाशीही संबंध आढळला. तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात नेटकेपणा-कर्तव्यदक्षता या स्वभावगुणाचा निकालाशी सहसंबंध पहिल्या वर्षी ०.१८ होता, शेवटाकडे ०.४५ पर्यंत चढला. प्रवेश परीक्षेच्या आकड्याचा प्रवास नेमका उलटा होतो.

आणि २००५ चा अमेरिकेतला एक अभ्यास: वैद्यकीय मंडळांनी शिस्तभंगाची कारवाई केलेल्या २३५ डॉक्टरांची कॉलेजातली कागदपत्रं काढली, तेव्हा विद्यार्थिदशेत बेजबाबदार वागण्याच्या नोंदी असलेल्यांवर अशी कारवाई होण्याची शक्यता सुमारे तिप्पट निघाली. एमकॅटच्या कमी गुणांशी संबंध होता, पण पुष्कळ कमी.

आपल्याकडे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेत गांधीविचारांचा पेपर असे. नीटनंतर तो गेला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजला (सीएमसी) स्वतःची निवडपद्धत इतकी मोलाची वाटली की २०१७ मध्ये नीटच्या यादीवरून प्रवेश देण्याऐवजी त्यांनी एमबीबीएसच्या १०० पैकी एकच जागा भरली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अशा संस्थांनाही नीट लागू असल्याचं सांगितलं. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) मात्र नीटच्या यादीतून बोलावलेल्यांची इंग्रजी-तर्काची छोटी चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी आणि मुलाखत आजही होते.

कॉलेजला स्वतःचा अभ्यास करायचा तर सुरुवात कुठून करावी?

एका बॅचवर थांबू नका. १५० मुलांत ०.३ सहसंबंध आला तर खरा आकडा ०.१५ ते ०.४४ मध्ये कुठेही असू शकतो. पाच बॅचेस, ७५० मुलं, की तो ०.२३ ते ०.३६ वर येतो. नीटचे गुण थेट न घेता त्या वर्षीचं पर्सेंटाइल घ्या, विषयवार. निकालाच्या बाजूला विद्यापीठाच्या परीक्षेचे पहिल्या प्रयत्नातले गुण घ्या, लेखी आणि प्रात्यक्षिक वेगवेगळे. प्रात्यक्षिकाचे गुण बहुधा सगळ्यांना सारखेच पडलेले असतात. ते लेखीत मिसळले की संबंध बुजतो.

नेहमीच्या चुका तीन. सप्लीमेंटरीचे (पुरवणी परीक्षेचे) गुण पहिल्या प्रयत्नाच्या रकान्यात भरणं. सोडून गेलेल्या मुलांना यादीतून वगळणं, म्हणजे ज्यांच्यासाठी अभ्यास करायचा तेच गायब. आणि सगळे कोटे एकत्र करून एक आकडा काढणं. ८५ टक्के राज्य कोटा, १५ टक्के अखिल भारतीय कोटा, आरक्षित गट, खासगीत व्यवस्थापन कोटा: प्रत्येकाचा पट्टा वेगळा, घरची आणि शाळेची पार्श्वभूमी वेगळी. एकत्र केल्यावर दिसणारा संबंध गुणांचा नसून पार्श्वभूमीचाही असू शकतो. आधी प्रत्येक गटाच्या आत पाहा.

पेपर फुटला तर भाकिताचं काय होतं?

फुटलेल्या पेपरचे गुण त्या मुलाबद्दल काहीच सांगत नाहीत. २०२४ मध्ये पाटणा आणि हजारीबागशी जोडलेली पेपरफुटी समोर आली, तरी ती देशभर पसरल्याचा पुरावा नसल्याने न्यायालयाने फेरपरीक्षा नाकारली. संपूर्ण बॅचचा आकडा अशा थोड्या मुलांनी फारसा हलत नाही. ज्यांची सीट गेली त्यांना याचा उपयोग नाही, हे खरंच.

मुलीला ४३० गुण आहेत, खासगीत जागा मिळतेय. तिला झेपेल का?

एकूण आकडा बाजूला ठेवून स्कोअरकार्डवर विषय पाहा. ४३० पैकी जीवशास्त्राचे २८० असतील आणि भौतिकशास्त्राने ओढलं असेल, तर पहिल्या वर्षाची फार चिंता नको. जीवशास्त्रच १७० असेल, तर वाचनाची गती आणि इंग्रजी आत्ताच तपासा: पहिल्या वर्षाच्या पुस्तकातली चार पानं तासाभरात वाचून, पुस्तक मिटून, एक पानभर लिहायला सांगा. जमलं नाही तर प्रवेशापर्यंतचे आठवडे त्यासाठीच द्या.

प्रवेश घेण्याआधी नियमही वाचून घ्या. परीक्षेला बसायला थिअरीत ७५ आणि प्रात्यक्षिकात ८० टक्के हजेरी लागते. फर्स्ट एमबीबीएससाठी जास्तीत जास्त चार प्रयत्न, आणि पूर्ण अभ्यासक्रमासाठी प्रवेशापासून नऊ वर्षं. खासगीतली फी मात्र प्रयत्न मोजत नाही. पहिल्या वर्षात एखादी सप्लीमेंटरी किंवा एखादं वर्ष गेलं तर वाढणारा खर्च धरूनच हिशेब मांडा.